त्रेसष्ट डोस

"सटवाई हसवतेय बघ तिला," वहिनी म्हणाली.

मी बेदाण्याची पाटी खाली ठेवली आणि पाळण्यात डोकावले. केतकी त्या दिवशी एकवीस दिवसांची झाली होती. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या आणि ओठांचा डावा कोपरा वर उडत होता. थांबत होता, पुन्हा उडत होता.

"गुलाम कशी गालात हसतीया," आई म्हणाली आणि तिनं पोरीवरून बोटं मोडली. "दोन दिस झालं, रडायचं नाव न्हाई. शहाणी हाय माझी नात."

तासगावच्या पुढं आमचं गाव. मार्च महिना होता आणि बेदाण्याचे शेड भरलेले. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ हणमंत, दिवसभर तिकडंच असायचा. शैलजा वहिनीला माहेर असं उरलं नव्हतं, म्हणून तिचं बाळंतपण आमच्याच घरी झालं. ती चोवीस वर्षांची, मी वीसची. नणंद-भावजय कमी आणि मैत्रिणी जास्त, असं आमचं होतं.

मी बघत राहिले. काहीतरी खटकत होतं.

"वहिनी, सटवाई एकाच बाजूनं हसवते का गं?"

"म्हणजे?"

"उजवा कोपरा हलतच नाही तिचा. आणि हा अंगठा बघ."

डावा अंगठा ओठाच्या तालावर उडत होता. मी त्या मुठीत माझं बोट सरकवलं आणि हात हलकेच धरून ठेवला. झोपेतलं बाळ दचकलं आणि त्याचा हात धरला, की तो थांबतो. हा थांबेना. माझ्या बोटाला आतून कुणी टिचक्या माराव्यात तसं लागत होतं.

"प्यायली कधी ती?" मी विचारलं.

वहिनीचा चेहरा पडला. "सकाळी थोडी. काल पण थोडीच. झोपेतच असते, म्हटलं मोठी होतेय, झोप वाढली असेल."

आई म्हणत होती की नजर लागलीय, मीठमोहऱ्या ओवाळू. पण वहिनीनं पोर उचलली होती आणि मी शेडकडं पळत सुटले होते. तासगावच्या डॉक्टरांनी केतकीला जेमतेम मिनिटभर बघितलं. म्हणाले, "घरी नेऊ नका. इथूनच मिरजेला जा. मी फोन करून ठेवतो."

मिरजेच्या त्या दवाखान्यात लहान मुलांच्या डॉक्टर टाकवडे म्हणून होत्या. बारीक अंगाच्या, पायांत कॅनव्हासचे बूट, बोलणं तुटक. त्यांनी आधी इंजेक्शन देऊन झटके थांबवले. मग केतकीला दिव्याखाली घेऊन नखशिखांत तपासलं. डाव्या कानशिलावर तीन-चार बारीक खपल्या होत्या.

"हे काय आहे?"

"घामोळं जी," आई म्हणाली. "चार दिस झालं. पाणी धरलं हुतं, म्या हळद लावली."

बाईंनी त्या खपल्या पुन्हा निरखल्या. पोरीच्या पाठीच्या कण्यातून तपासायला पाणी काढलं, सलाइन लावलं, अँटिबायोटिक सुरू केलं. दिवेलागणीच्या सुमाराला त्या बाहेर आल्या. आम्ही चौघं बाकावर बसलो होतो.

"मेंदूला सूज आहे," त्या म्हणाल्या. "कशामुळं ते शोधायचं आहे. मला एक सांगा. गेल्या दोन-तीन आठवड्यांत घरात कुणाच्या ओठावर फोड आले होते का? बारीक, पाण्यानं भरलेले, घोसानं येतात तसे?"

"न्हाई बाई," आई लगेच म्हणाली. "आमच्या घरात असलं काय न्हाई."

दादानं मान हलवली. वहिनी खाली बघत होती.

"कुणावर ठपका ठेवायला विचारत नाही मी. सगळ्यांच्याच आई-वडिलांना विचारते. आठवून बघा. औषध त्यावर ठरतं." एवढं बोलून त्या आपल्या खोलीकडं गेल्या.

माझा हात ओठाकडं निघाला होता. मी तो मांडीवरच दाबून धरला.

बारसं बाराव्या दिवशी झालं होतं. दोन दिवस आधी मला कणकण आली आणि बारशाच्या सकाळी खालच्या ओठाच्या कडेला पुटकुळ्यांचा झुबका उठला. अशा पुटकुळ्या मला दर उन्हाळ्यात यायच्या. उष्णता बाहेर पडतेय, म्हणून आम्ही सोडून द्यायचो. त्या दिवशी मात्र मला बघायला आष्ट्याचे पाहुणे येणार होते. तेव्हा मी त्यावर दोन बोटं लिपस्टिक फासली. मग बायकांनी पाळणा म्हटला, आणि मान आत्याचा. मी वाकून केतकीच्या कानात नाव सांगितलं, पाठीत सगळ्यांचे धपाटे खाल्ले आणि धपाटे खाता खाताच तिच्या कानशिलाचा मटकन पापा घेतला. एक नाही, दोन घेतले. दुसरा इतका दाबून घेतला, की तिच्या कानशिलाला लाल ठसा उमटला आणि सगळ्या बायका हसल्या.

बाकावर बसून मी त्या ठशाची जागा आठवत होते. डावं कानशील.

"माझ्या पोरीला हे कुणामुळं झालं असंल ना..." दादा भिंतीकडं बघत म्हणाला आणि पुढचं गिळून टाकलं.

आता मोठी झाल्यावर सांगायला सोपं वाटतं. पण तेव्हा बाकावर बसलेल्या त्या मुलीला वाटत होतं, आपण तोंड उघडलं, की दादा आपल्याशी बोलणार नाही, वहिनी बघणार नाही आणि पाहुण्यांच्या कानावर जाईल ते वेगळंच. न सांगितलं तर? डॉक्टर आहेत, शोधतील त्या. असं मनाशी म्हटलं आणि त्याच क्षणी तो छोटा अंगठा माझ्या बोटावर टिचक्या मारू लागला, खरोखर माराव्यात तशा.

मी उठले.

डॉक्टरांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. त्या उभ्यानंच काही लिहीत होत्या.

"बाई, मला आले होते."

त्यांनी वर बघितलं. "कुठं?"

मी ओठाची कड दाखवली. खपली पडून गेली होती, पण गुलाबी डाग होता. "बारशाच्या दिवशी. नऊ दिवस झाले. मी तिचा पापा घेतला, इथं." मी माझ्या कानशिलावर बोट ठेवलं.

बाई त्या बोटाकडं क्षणभर बघत राहिल्या आणि लेखणी टाकून दाराशी आल्या. "सिस्टर! केतकीला असायक्लोविर. आत्ता. कपाटात असेल त्यातून पहिला डोस लावा, बाकीचं मागवते." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "मला संशय होताच. त्या खपल्यांमुळं. पण मी रात्रीचे रिपोर्ट बघून सकाळी ठरवणार होते. आता सकाळची वाट बघत नाही."

"सकाळपर्यंत काय झालं असतं?"

"सांगता येत नाही. ओठावर फोड आणणाऱ्या या विषाणूचं मोठ्या माणसाला काही वाटत नाही, निम्म्या जगाच्या अंगात असतो तो. पण महिन्याच्या आतल्या बाळाच्या मेंदूत शिरला, तर तासातासाला पुढं सरकतो. तेवढे तास तू तिला मिळवून दिलेस."

"पण तो दिला पण मीच ना?"

मला वाटलं त्या नाही म्हणतील. लोक म्हणतात तसं. बाई म्हणाल्या, "हो. बहुतेक तूच. माहीत होतं तुला?"

"नाही."

"आता झालं माहीत. साबणानं कोपरापर्यंत हात धू, मास्क लाव. रडायचं असेल तर पाच मिनिटं बाहेर जाऊन रड आणि परत ये. मला तुझं काम आहे."

काम होतं लंगोटांचं वजन करायचं. हे औषध कडक. आठ-आठ तासांनी, तासभर लावून हळूहळू शिरेतून द्यायचं. ते मूत्रपिंडावर ताण टाकतं, म्हणून बाळ लघवी किती करतं ते बघावं लागतं. वाळलेल्या लंगोटाचं वजन करायचं, ओल्याचं करायचं आणि फरक कागदावर लिहायचा. दिवसाला तीन डोस, एकवीस दिवस, म्हणजे त्रेसष्ट डोस.

बेदाणा निवडणाऱ्या बाईला काय वजन शिकवणार? दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी लंगोट नुसता हातात घेऊन सांगू लागले, "अठरा ग्रॅम." सिस्टर रोझलिन काट्यावर ठेवायच्या, काटा अठरावर. "आता चोवीस." चोवीस. मग तो खेळच झाला. शेजारच्या खाटांवरच्या आयाही आपापले लंगोट घेऊन यायच्या, "आमचं सांगा की." एकदा दोन ग्रॅमनी चुकले, तर सिस्टर म्हणाल्या, "आज तब्येत बरी नाही वाटतं काट्याची."

सिस्टर रोझलिन म्हणजे त्या वॉर्डातली देवी. एवढ्याशा हातातली शीर सुईला लगेच कंटाळते, दर दोन दिवसांनी नवी शोधावी लागते. त्या पोरीचा हात दिव्यासमोर धरून, एक डोळा मिटून बघायच्या आणि पहिल्या टोचणीत शीर पकडायच्या. हातापायांतल्या संपल्यावर डोक्यातली पकडली. त्यासाठी उजव्या बाजूचे केस काढले. आई सकाळी डबा घेऊन आली आणि दारातच किंचाळली.

"अगं, जावळ काढलं! मामा न्हाई, मुहूर्त न्हाई, कुणी काढलं?"

"मी काढलं," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "अर्धंच काढलंय आजी. उरलेलं मुहूर्तावर काढा."

आईला हसू दाबता येईना. त्या खोलीत आई हसलेली मी पहिल्यांदाच बघितली.

चौथ्या दिवसापासून झटके आले नाहीत. सहाव्या दिवशी मुंबईहून रिपोर्ट आला. बाईंनी तो वाचला, घडी घातली आणि मला एवढंच म्हणाल्या, "बरोबर होतं." आणि सातव्या दिवशी दुपारी, सिस्टर नवी सुई लावत असताना, केतकी रडली. इतके दिवस ती नुसती कण्हायची, मांजराचं पिल्लू कण्हावं तशी. त्या दिवशी तिनं तोंड आ केलं, छाती भरून घेतली आणि असा टाहो फोडला, की बाहेर व्हरांड्यात बसलेला दादा आत धावला.

"काय झालं? काय झालं?"

"रडली!" वहिनी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "अहो, रडली ती! ऐका की!"

सगळा वॉर्ड ऐकत होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तर टाळ्याच वाजवल्या. पोर बिचारी जिवाच्या आकांतानं ओरडतेय आणि भोवती सात-आठ माणसं खुळ्यासारखी हसतायत. दादा खाली जाऊन पेढे घेऊन आला. डॉक्टर टाकवड्यांनी पेढा घेतला, कॅनव्हासचा बूट जमिनीवर आपटला आणि म्हणाल्या, "अजून चौदा दिवस आहेत. पेढे पुरवून खा." पण दुसरा पेढा त्यांनीच उचलला.

दहाव्या दिवशी केतकी अंगावर प्यायला लागली. त्या दिवशी मी आणि वहिनी गच्चीवर लंगोट धूत होतो. ऊन रणरणत होतं आणि खालून टांगेवाल्याच्या घोड्याच्या टापा ऐकू येत होत्या. आता बोलावं, नाही तर कधीच बोलता येणार नाही, असं मला वाटलं.

"वहिनी, तुला एक सांगायचंय."

ती पिळता पिळता म्हणाली, "ओठाचं?"

माझ्या हातातला लंगोट बादलीत पडला. "बाईंनी सांगितलं तुला?"

"त्या कशाला सांगतील? बारशाला तुझा ओठ कुणी बघितला नव्हता होय? लिपस्टिक मीच दिली होती ना तुला." तिनं लंगोट झटकून दोरीवर टाकला. "त्या संध्याकाळी बाईंनी विचारलं, तेव्हाच माझ्या ध्यानात आलं. मी मान खाली घालून बसले होते, आठवतंय? तुझ्या पायांकडं बघत होते."

"पायांकडं?"

"उठतात का ते बघत होते. मनात आकडे मोजत होते. म्हटलं शंभरपर्यंत थांबायचं. तू चाळीसला उठलीस."

"आणि नसते उठले तर?"

"तर एकशे एकला मी उठले असते आणि बाईंना सांगून आले असते." ती माझ्याकडं वळली. उन्हानं तिचे डोळे बारीक झाले होते. "आणि मग वैजू, जन्मात तुझ्या हातचं पाणी प्यायले नसते."

ती परत वाकली, बादलीतला लंगोट काढला आणि माझ्या हातात दिला.

"पीळ नीट. पाणी गळतंय."

दादाला तिनंच सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी उसाचा रस घेऊन आला आणि "बर्फ नाही घातला" एवढंच म्हणाला. हे कुणाच्या तरी ओठावरून आलं, एवढंच आईला माहीत होतं; कुणाच्या ते मात्र तिला सांगायचं नाही, असं आम्हा तिघांचं ठरलं. आई गेली, तोपर्यंत तिला कळलं नाही.

त्रेसष्टावा डोस एका रविवारी सकाळी लागला. शेवटचे थेंब नळीतून उतरताना आम्ही सगळे खाटेभोवती उभे होतो. पाठीतलं पाणी पुन्हा तपासलं होतं, त्यात विषाणू उरला नव्हता. डोक्याच्या फोटोत उजव्या बाजूला एक लहानसा डाग राहिला होता. बाईंनी तो आम्हाला दाखवला.

"हा राहणार," त्या म्हणाल्या. "डावा हात थोडा मागं राहील कदाचित. चालायला उशीर होईल. ऐकू किती येतं ते अजून नक्की नाही, तीन महिन्यांची झाली की मशिनवर तपासू. सहा महिने औषध चालू ठेवायचं, पातळ, तोंडानं. आणि आता घरी जा. माझा वॉर्ड आहे हा, मंगल कार्यालय नाही."

पुढचं इथंच सांगून टाकते. केतकी सोळा महिन्यांची झाल्यावर चालली. डाव्या हातानं वेणी घालायला तिला अजून वेळ लागतो, आणि त्यावरून कुणी मदत करायला गेलं तर ती हात झटकते. नववीत आहे. बोलते इतकी, की दादा शेडला लवकर जातो. आष्ट्याचं ते स्थळ दुसरीकडं गेलं, ते बरंच झालं. मी गावात अंगणवाडी चालवते. बाळंतिणीच्या घरी गेले, की पाळण्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाचा ओठ आधी बघते. पोरं मला मागून 'ओठबाई' म्हणतात.

पण मला कुणी विचारलं, सगळ्यात चांगला दिवस कोणता, तर मी तो रविवारच सांगेन. दुपारी तीनच्या सुमाराला जीप दारात थांबली. आळीतल्या बायका जमल्या होत्या. वहिनी केतकीला घेऊन उंबऱ्याशी उभी, शेजारी मी, मागं दादा. समोर आई, एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. एकवीस दिवसांचा राग तिनं या घटकेसाठी राखून ठेवला होता.

"आल्या-गेल्याची, पापी चांडाळाची," आईनं तुकडा ओवाळायला सुरुवात केली. आवाज चढत गेला. "ज्या कुणा सटवीनं माझ्या नातीला हे दिलं, तिचं तोंड झडू दे! तिच्या ओठाला..."

दादा एकाएकी जीपचं टायर तपासायला गेला.

मी वहिनीकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं. पण तिच्या नाकातून फुर्र असा आवाज आला. मी बघितलं. तिचे खांदे हलत होते.

"आई," ती कसंबसं म्हणाली, "तोंड झडू दे नका म्हणू हो. बिचारीचं लग्न व्हायचं असेल अजून!"

"कुणाचं?" आई थबकली.

"जी कुणी असेल तिचं!"

मग मला आवरेना. मी फिसकन हसले, वहिनी खदखदून हसली आणि जीपमागून दादाचं हसणं फुटलं, तो हसला की घोडा खिंकाळल्यासारखं वाटतं. त्या आवाजासरशी केतकी दचकली. दोन्ही हात तिनं हवेत फेकले, डोळे एवढे मोठे केले.

दादा धावत आला. "दचकली! ऐकू येतंय तिला!" आणि खात्री करायला त्यानं तिच्या कानामागं मोठ्यानं टाळी वाजवली. केतकी पुन्हा दचकली आणि रागानं रडायला लागली.

"ऐकू येतंय! ऐकू येतंय!"

"येणार न्हाई तर काय," आई भडकली. "माझी नात हाय ती! आन् तुम्ही सगळी भुतं लागल्यागत हसताय कशाला?" असं म्हणून तिनं तो भाकरीचा तुकडा आमच्यावरून लांब भिरकावला. आईचा नेम कधीच चांगला नव्हता. तुकडा उडत आला आणि फट्कन माझ्या खांद्यावर बसला.

वहिनी हसत हसत उंबऱ्यावर बसकण मारायला लागली.

"वैजू, धर गं हिला," ती धापा टाकत म्हणाली. "माझ्यानं उभं राहवत नाही."

आणि तिनं रडणारी केतकी माझ्या हातांत दिली. तीन किलो शंभर ग्रॅम. मी काट्याशिवाय सांगू शकत होते.